जरा धरा, डॉक्टर

आमच्या खात्यात माणूस थकतो तो धरून धरून थकतो. गाय धरा, शेळी धरा, म्हशीचं शेपूट धरा, आणि सुई बघून मालकच पळाला तर त्यालाही धरा. मी पशुधन पर्यवेक्षक. खरा जनावरांचा डॉक्टर मी नव्हे, मी त्यांच्या हाताखालचा. पण आमच्याकडं ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर, म्हणून मीही डॉक्टर. हल्ली तलवाड्याला असतो. त्याआधी वडवणीला होतो, आणि तिथं ज्यांच्या घरात भाड्यानं राहिलो ते हे मिस्त्री. दिवसभर वाड्यावस्त्यांवर कळपांमागं हिंडायचं, अंगाला मेंढरांचा वास घेऊन संध्याकाळी दारात गाडी लावायची, डोक्यावरचं हेल्मेटही निघालेलं नसायचं, तोच ओसरीवरून आवाज यायचा, "डॉक्टर, जरा धरा."

त्या माणसानं मला काय काय धरायला लावलं! शिडी, पाण्याचा पाईप, दाराची फळी, आणि एकदा तर पेटलेल्या गॅसच्या शेगडीचा मोडका पाय. नाही म्हणायला अंगात जोर लागतो, आणि संध्याकाळी तो माझ्यात नसायचा. मी आपला धरायचो. त्यांचं ते "जरा" म्हणजे चांगला स्वयंपाक उरकेपर्यंतचा वेळ असायचा, आणि आतून मावशी ओरडायच्या, "आवो, सोडा की त्या बिचाऱ्याला, दिवसभर ढोरं धरून आलाय!" मावशी म्हणजे त्यांच्या मंडळी. मिस्त्री म्हणायचे, "धरायची सवय हाय त्यांना. तुला काय तकलीफ?"

मिस्त्री बसच्या डेपोत मेकॅनिक होते. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती तरी अंगातला खाकी शर्ट काही निघाला नव्हता. वरच्या खिशात माणसं पेन ठेवतात, हे बोटभर लांबीची कानस ठेवायचे. समोरच्याशी बोलता बोलता ती बाहेर यायची आणि हाताला लागेल ते घासायला सुरुवात व्हायची. खुर्चीचा हात, डब्याचं झाकण, एकदा माझ्या मोटारसायकलची किल्ली. डेपोतल्या नोकरीत ते एकच गोष्ट शिकले होते आणि ती त्यांनी आयुष्यभर सोडली नाही. दोन गाड्या बंद पडून उभ्या असतील, तर एकीचं काढून दुसरीला लावायचं आणि एक तरी रस्त्यावर आणायची. "दोन उभ्या गाड्यांत एक चालती गाडी आसतीच डॉक्टर," असं ते म्हणायचे. "निस्ती बघायला नजर लागती." पुढचा शब्द ठरलेला: "बसतंय." बसेल का, बसतं का बघू, असलं काही नाही. आधी "बसतंय" म्हणायचं आणि मग ते बसवायचं.

त्यामुळं त्या घरात एक वस्तू धड एका कंपनीची नव्हती. माझ्या खोलीतल्या पंख्याची दोन पाती चॉकलेटी होती आणि एक पांढरं. फिरताना तो कुरकुरायचा आणि मधेच टक् करायचा. मी खाट ओढून भिंतीला लावली आणि म्हणलं, "मिस्त्री, हा पडंल एखाद्या दिवशी." तर म्हणाले, "पडायचा आसता तर पयल्या भाडेकरूवरच पडला आसता." माझ्या कुलपाची किल्ली अडकायची, तर त्यांनी कुलपात कानस घालून ते आतून इतकं घासलं, की पुढं ते कुठल्याही किल्लीनं उघडायला लागलं, मावशींच्या कपाटाच्या किल्लीनंसुद्धा. तक्रार केली तर वर मलाच ऐकवलं, "आता किल्ली हारवायचं भ्या न्हाई." त्यांच्या चष्म्याची एक काडी काळी आणि एक सोनेरी होती. पायातल्या चपला दोन जोडांतल्या. स्कूटरचं तोंड एका कंपनीचं, धड दुसरीचं. एकदा चौकात हवालदारानं ती अडवली, चारी बाजूंनी फिरून बघितली, पावतीवर काय लिहावं ते त्याला सुचेना, शेवटी कंटाळून जा म्हणाला.

मावशी एकदा तूर निवडता निवडता मला म्हणाल्या, "ह्यांचं आन् माझं बी तसलंच हाय बघा. मी एका साच्यातली, हे दुसऱ्यातले. बसवलंय झालं." मिस्त्री बाजूलाच होते. हसले. "मग? पळती हाय ना गाडी?" मावशी म्हणाल्या, "पळती की. पेट्रोल कुणाचं जळतंय ते इचारू नका."

त्यांची आणखी एक खोड होती आणि पुढं जे घडलं ते तिच्यापायी घडलं, म्हणून ती सांगितली पाहिजे. काहीही दुरुस्त करायचं असो, बॅटरीला ते हात लावायचे नाहीत. डेपोतल्या जुन्या गाड्यांच्या बॅटऱ्या थकलेल्या असायच्या. एकदा वायर काढली की गाडी पुन्हा चालू व्हायची नाही, मग प्रवाशांना खाली उतरवून धक्का मारावा लागायचा, आणि वरून साहेबांची बोलणी मिस्त्रींच्या वाट्याला. तेव्हापासून त्यांच्या डोक्यात ते बसलं होतं. "बॅटरी काढली की गाडी रुसती." भिंतीवरचं घड्याळ उघडलं तरी सेल तसाच ठेवून उघडायचे. त्यांच्या हातून त्या पद्धतीनं कधी काही बिघडलं नव्हतं, निदान तसं ते सांगायचे.

त्यांना मुलगी एकच, पुण्याला दिलेली. लग्न मिस्त्रींनीच जुळवलं होतं, आणि त्या वेळीही ते "बसतंय" असंच म्हणाले होते, असं मावशी सांगायच्या. बसलं नाही. जावई तोंडानं तापट, हातानंही. मुलगी दोनदा माहेरी निघून आली आणि दोन्ही वेळा मिस्त्रींनीच समजूत घालून तिला परत पाठवलं. दुसऱ्या वेळी मी घरात होतो. ओसरीवर बसून ते तिला सांगत होते, "एकदम कुणाचंच बसत न्हाई बाई. जरा घासावं लागतं. तू थोडं घे, त्यो थोडं घेईल." ती खाली मान घालून ऐकत होती. आत मावशी भाकरी थापत होत्या, आणि त्या दिवशी थापण्याचा आवाज जरा जास्तच जोरात येत होता. दुसऱ्या दिवशी मिस्त्री स्वतः तिच्यासोबत पुण्यापर्यंत गेलते आणि तिला तिथं पोचवून आलते.

तिसऱ्या वेळी ती आली तेव्हा हातात एकच पिशवी होती. तिच्यात कपडे थोडे आणि उशीच्या अभ्र्यात गुंडाळलेला लॅपटॉप. जावयानं तो भिंतीवर फेकला होता. त्याचा राग लॅपटॉपवर नव्हता, तिच्या नोकरीवर होता. ती घरी बसून एका कंपनीचं काम करायची. गिऱ्हाइकांच्या तक्रारी यायच्या, त्यांना उत्तरं लिहायची. कंपनीचं सगळं त्याच लॅपटॉपवर घातलेलं होतं आणि दुसऱ्या कुठल्या मशीनवर ते उघडायचं नाही. तिनं सुट्टी मागून घेतली होती, ती सोमवारी सकाळी संपत होती. सोमवारी कामावर हजर दिसली नाही तर नाव कापणार, असं तिला स्पष्ट सांगितलेलं होतं. आणि रविवारी पुण्याची माणसं तिला न्यायला येणार होती.

शनिवारी सकाळी चहा घेताना ती बापाला म्हणाली, "अप्पा, एकच सांगते. सोमवारी काम सुरू झालं तर मी हितंच ऱ्हाईन, माझं मी बघीन. न्हाई झालं तर उद्या त्यांच्या गाडीत बसते. तुमच्यावर बोजा होऊन मी न्हाई ऱ्हायची." आवाजात रडणं नव्हतं. इतकी थकली होती ती, की रडायलाही तिच्यात काही उरलेलं नव्हतं. मला माझ्या कामाचा थकवा माहीत आहे, झोपलं की तो जातो. तिचा तसला नव्हता.

मिस्त्रींनी अभ्र्यातून मशीन बाहेर काढलं. लॅपटॉप उलटासुलटा करून बघितला. स्क्रीनवर जाळं पडलेलं, अर्धा भाग काळा. एका बाजूची भोकं, टीव्हीची वायर लागते ती, आत चेपलेली, म्हणजे टीव्हीला जोडायची सोय नाही. पण बटन दाबलं की सुरू व्हायची धून वाजायची. "मशीन जित्तं हाय," मिस्त्री म्हणाले. "निस्ती काच मेलीया." मग त्यांची नजर हळूहळू माझ्याकडं वळली. "डॉक्टर, तुमचा त्यो मेलेला कुठाय?"

माझा लॅपटॉप जनावरांच्या बिल्ल्यांनी मारला होता. प्रत्येक जनावराच्या कानात पिवळा बिल्ला ठोकायचा आणि त्याचा नंबर, मालकाचं नाव, गाभण आहे का नाही, सगळं ऑनलाइन चढवायचं. एका गावाची जनावरं चढवता चढवता तो जो बंद पडला तो पडलाच. दुरुस्तीवाला म्हणाला होता, आतला बोर्ड जळाला, स्क्रीन मात्र नव्यासारखी आहे. तेव्हापासून तो माझ्या कपाटावर पडून होता. मी म्हणलं, "मिस्त्री, तो दुसऱ्या कंपनीचा आहे." ते म्हणाले, "मी कवा एका कंपनीचं काम केलंय?"

तरी मीच त्यांना चौकातल्या मोबाईलवाल्याकडं नेलं. त्यानं दोन्ही लॅपटॉप बघून मान हलवली. "काका, एकाची स्क्रीन दुसऱ्याला न्हाई चालत. बीडहून मागवावी लागंल. आठ दिवस तरी धरा." मिस्त्री म्हणाले, "कावून न्हाई चालत?" तो म्हणाला, "कंपनी येगळी हाय ना." मिस्त्रींनी त्याच्याकडं असं बघितलं, की त्यानं आपला मोबाईल उचलला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाशी बोलायला लागला.

दुपारी ओसरीवर गोधडी अंथरली. मला शनिवारची सुट्टी होती. झोपायचं ठरवलं होतं मी. "डॉक्टर, जरा धरा," मिस्त्री म्हणाले आणि मी धरलं. मुलगी मोबाईलवर व्हिडिओ लावून बसली होती. स्क्रीनभोवतीची प्लॅस्टिकची चौकट कशानं उचकटायची, हा प्रश्न आला, तर मिस्त्रींनी पाकिटातून डेपोचा जुना पास काढला. मुदत संपलेला, पण त्यांनी तो कधी टाकला नव्हता. त्याच्या कडेनं त्यांनी दोन्ही चौकटी इतक्या अलगद काढल्या, की मला त्या हातांचा हेवा वाटला. दोन्ही स्क्रीन पालथ्या केल्या आणि मुलगीच ओरडली, "अप्पा, हे बघा!" दोन्हींच्या पाठीवर एकाच कारखान्याचं लेबल. वरची नावं दोन, आतला माल एकाच ठिकाणचा.

मिस्त्रींना काय आनंद झाला म्हणता! मावशींना बाहेर बोलावलं, मला दोनदा लेबल वाचायला लावलं, त्या मोबाईलवाल्याला फोन करतो म्हणाले. "आई एकच हाय बघा दोघींची! सांगत होतो का न्हाई?" माझ्या स्क्रीनला बाजूला स्क्रूचे कान होते, तिच्या लॅपटॉपमध्ये त्यांना जागा नव्हती. लगेच कानस बाहेर आली. मी स्क्रीन धरून बसलो आणि ते कान घासत बसले, खाली वर्तमानपत्रावर पत्र्याचा चुरा पडत होता. मुलगी पहिल्यांदाच जरा सैल होऊन बसली होती. मावशींनी तिच्या केसांना तेल लावायला घेतलं.

मग पट्टीसारखी वायर जोडायची वेळ आली. व्हिडिओतला माणूस सांगत होता, की आधी खालचं झाकण उघडा आणि बॅटरी काढा. मी म्हणलं, "मिस्त्री, आधी बॅटरी." ते म्हणाले, "बंद हाय की मशीन." मुलगी म्हणाली, "अप्पा, बंद असली तरी काढायची म्हणतेत." "बॅटरी काढली की रुसती बाई. आन् सोमवारी रुसली तर धक्का कुणी मारायचा?" असं म्हणून त्यांनी वायर बसवली. जरा तिरकी गेली, म्हणून काढून पुन्हा बसवली. "बसतंय," म्हणाले. टिचकी मारल्यासारखा बारीक आवाज झाला. धूर नाही, वास नाही, काही नाही.

तिनं बटन दाबलं. धून वाजली. स्क्रीन काळी. पुन्हा दाबलं, पुन्हा धून, पुन्हा काळी.

मी मोबाईलवाल्याला फोन लावला आणि झालेलं सांगितलं. आवाज मोठा होता, सगळ्यांना ऐकू गेला. "बॅटरी काढलती का? न्हाई? मग आतला फ्यूज उडाला आसंल. आता बीडच्या कारागिराकडं न्यावं लागंल, आन् त्यो आज लग्नाला गेलाय, उद्या दुकान बंद." मी फोन ठेवला. मुलीनं लॅपटॉप मिटला, उशीच्या अभ्र्यात घातला आणि आत जाऊन पिशवी भरायला लागली. मिस्त्री गोधडीवर तसेच बसून होते. चष्मा काढलेला, हातात कानस. बऱ्याच वेळानं आतल्या दाराकडं बघून म्हणाले, "चूक माझी हाय बाई." आत पिशवी भरणं चालूच होतं. मला त्या माणसाची दया आली आणि रागही आला. दोन्ही एकदम आलं. मी खोलीत जाऊन त्या दोन रंगांच्या पंख्याकडं बघत पडून राहिलो.

रविवारी पुण्याची गाडी आली. व्याही आणि लग्न जमवणारा मध्यस्थ उतरले. जावई गाडीतच बसून राहिला, काच वर करून. मुलगी आतल्या खोलीत, भरलेली पिशवी दाराशी. मिस्त्रींनी मला बोलावून शेजारी बसवलं, कशाला ते मला तेव्हा कळलं नाही. व्याही म्हणाले, झालं गेलं विसरून जाऊ. मध्यस्थ गोड बोलायला लागला. "मिस्त्री, तुमी तर दोन कंपन्यांच्या गाड्या एक केल्यात. तुमचं आख्खं घर तसलंच हाय. मग ह्यात काय अवघड हाय? तुमीच म्हणता ना, बसतंय म्हणून?"

मिस्त्रींनी खिशातली कानस काढली. मला वाटलं, आता खुर्चीचा हात घासायला लागणार. त्यांनी ती खाली फरशीवर ठेवली.

"म्हणत होतो," ते म्हणाले. "दोन बारी मीच घासून पाठवली तिला. दर बारी माझ्या पोरीलाच घासलं. तुमच्या पोराला कुणी कानस लावली न्हाई. आता लेकरात घासायला काय उरलं न्हाई. ती येणार न्हाई."

व्याही चिडले. "आन् करणार काय हितं बसून? लॅपटॉप फुटला, म्हंजी नोकरी बी गेली."

"गेली तर गेली. आमी खातो ते खाईल."

मध्यस्थ आणखी काही बोलायला गेला. मिस्त्री उठून उभे राहिले. आधाराला त्यांनी माझ्या खांद्याला धरलं. कशाला बोलावलं होतं ते तेव्हा मला कळलं. "चहा घ्यायचा आसंल तर घ्या," ते म्हणाले, "पण पोरीचं नाव काढायचं न्हाई." चहा कुणी घेतला नाही. गाडी वळून रस्त्याला लागली तेव्हा मावशींनी दाराजवळची पिशवी उचलली आणि आत कपाटात नेऊन रिकामी केली.

त्यानंतर दिवस मावळायला आला. मिस्त्री ओसरीवर कालचा सांडलेला एक स्क्रू शोधायला लागले. त्यांना काहीतरी करायला पाहिजे होतं, दुसरं काही नाही. त्यांची टॉर्चही दोन टॉर्चची होती, एकीचं डोकं आणि दुसरीचं धड, मधे सायकलच्या ट्यूबची पट्टी. ती घेऊन ते वाकून कोपरे धुंडाळत होते. मुलगी बाहेर येऊन पायरीवर बसली आणि तिनं उगीच लॅपटॉप उघडून बटन दाबलं, शेवटचं बघावं म्हणून. धून वाजली. मिस्त्री तिच्याकडं वळले, आणि टॉर्चचा उजेड स्क्रीनवरून तिरपा गेला.

"अप्पा, थांबा."

"काय झालं?"

"मागं घ्या टॉर्च. आजून थोडी. तशीच धरा."

काळ्या काचेत अगदी फिकट, राखेनं लिहिल्यासारखं तिचं नाव दिसत होतं आणि त्याखाली पासवर्डची चौकट. स्क्रीन चालू होती. फक्त आतला दिवा गेला होता. मिस्त्री टॉर्च धरून तसेच वाकून उभे होते, आणि मुलगी हसायला लागली, आणि हसता हसता दोन दिवसांचं राहिलेलं रडू तिला आलं. मावशी म्हणाल्या, "आगं, हसती का रडती, एक काय ते कर." आणि पदर त्यांच्याही डोळ्याला लागला.

सोमवारी सकाळी ती कामावर हजर झाली. खिडकीला चादर लावून खोली अंधारी केली होती. टॉर्च नेमकी तिरपी धरावी लागायची. सरळ धरली की काचेत नुसता उजेडाचा गोळा. एका वेळी हाताच्या पंजाएवढाच भाग दिसायचा, ती वाचत जाईल तसा उजेड सरकवावा लागायचा. "अप्पा, वर. अप्पा, डावीकडं. तिथंच धरा." आयुष्यभर सगळ्या गावाला "जरा धरा" म्हणणारा माणूस स्टुलावर बसून मुकाट्यानं धरत होता. मी कामावर जाता जाता डोकावलो आणि म्हणलं, "द्या मिस्त्री, घटकाभर मी धरतो, मला सवय आहे." त्यांनी मान वळवली नाही, उजेड हलला असता. "तुमी जा डॉक्टर. जनावरं थांबलीत."

त्या दिवशी एका वाडीवर मेंढरांना लस टोचत होतो. खूप मेंढरं, खूप धूळ. संध्याकाळी दारात गाडी लावली, हेल्मेट डोक्यावर तसंच ठेवून उभा राहिलो, आणि ओसरीवरून हाक आली नाही. मला चुकल्या-चुकल्यासारखं झालं. खरं सांगतो, त्या हाकेचा मला वैताग होता. पण ती आली नाही तेव्हा आत जावंसं वाटेना.

आत गेलो तर ते तसेच बसलेले. कोपराखाली उशी घेतली होती. हात कापत होता, त्यामुळं काचेतली अक्षरंही कापत होती, आणि मुलगी ती तशीच वाचत होती. कुणाचा तरी मिक्सर फिरत नव्हता, कुणाची इस्त्री तापत नव्हती, आणि ही प्रत्येकाची माफी मागत होती. मिस्त्री मला हळूच म्हणाले, "दिसभर निस्त्या माफ्या मागती ही. हिचा काय कसूर आसतो त्यात?" मुलगी टाईप करता करता म्हणाली, "हेच काम हाय अप्पा." त्यांनी उजेड खालच्या ओळीवर सरकवला. "बरं," म्हणाले. "मग हितं बसून मागत जा." मी विचारलं, हात तरी बदलला का? "बदलतोय की," ते म्हणाले, आणि दुसरा हातही तितकाच कापतोय हे मला दिसत होतं.

मंगळवार, बुधवार तसेच गेले. गुरुवारी तिला सुट्टी असायची. मी रजा टाकली, स्क्रीन माझी होती म्हणून म्हणा, आणि तिघं बसनं बीडला गेलो. स्टँडमागच्या गल्लीत त्या कारागिराचं चिंचोळं दुकान. पोरगेलासा माणूस, भिंग लावून काम करणारा. त्यानं लॅपटॉप पुढ्यात ओढला तसे मिस्त्री काउंटरवरून अर्धे आत वाकले.

"आधी बॅटरी काढ बे!"

"काढतोच की काका."

"काढली? दाव."

त्यानं वायर काढून दाखवली. मग मिस्त्रींनी पिशवीतून आपली ती टॉर्च काढली. दुकानात चांगले दोन दिवे होते, शिवाय त्या कारागिराच्या डोक्यावर एक. तरी मिस्त्रींनी टॉर्च पेटवून त्याच्या हातावर धरली, तिरपी. भला माणूस, त्यानं चालवून घेतलं. त्यानं तिळाएवढा फ्यूज चिमट्यानं काढला, दुसरा बसवला, कथिलाचा डाग दिला, बॅटरी जोडली आणि बटन दाबलं.

धून वाजली, आणि स्क्रीन लख्ख झाली. माझ्या मेलेल्या लॅपटॉपची स्क्रीन तिच्या लॅपटॉपमध्ये, कान घासलेली, कडेनं चिकटपट्टी लावलेली, आणि काठापासून काठापर्यंत उजेड. मुलीच्या तोंडावर तो पडला. कारागीर म्हणाला, "स्क्रीन मस्त बसलीया, कुणी बसवली?" मला वाटलं, आता तो शब्द येणार. आला नाही. मिस्त्रींच्या हातात टॉर्च तशीच पेटलेली होती, त्या भगभगीत उजेडावर रोखलेली.

मुलगी म्हणाली, "अप्पा, आता ठेवा. दिसतंय मला."

त्यांनी ठेवली नाही. ते माझ्याकडं वळले, आणि किती दिवसांनी ती हाक आली, "डॉक्टर, जरा धरा."

मी टॉर्च घेतली. त्यांनी तो एका काळ्या आणि एका सोनेरी काडीचा चष्मा काढला, खाकी शर्टच्या बाहीनं आधी एक डोळा पुसला, मग दुसरा, आणि भिंतीकडं तोंड करून उभे राहिले. टॉर्च विझवायचं बटन माझ्या अंगठ्याखालीच होतं. ते वळेपर्यंत मी ती तशीच धरून राहिलो.